बाटली किती दिवस पुरली?

दवाखान्यात मला पाहिलं की माणसं हात मागे घेतात. माझं कामच तसं आहे. इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणजे दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवायला नेमलेली बाई. मी वॉर्डच्या दारात दिसले की "आल्या, आल्या" अशी कुजबुज होते आणि कोपऱ्यातल्या बाटल्यांचे पंप दाबल्याचे आवाज येऊ लागतात. राग मानण्यासारखं त्यात काही नाही. मी स्टाफ नर्स होते तेव्हा मेट्रनच्या चपलांचा आवाज आम्हीही लांबून ओळखायचो.

आम्ही शिकत होतो त्या काळी वॉर्डच्या दाराशी लोखंडी स्टँडवर एक इनॅमलचं बेसिन असे. त्यात सॅव्हलॉनचं पाणी, बाजूला एक टॉवेल. सर राउंडला आले की पेशंट तपासून त्या पाण्यात बोटं बुडवायची, टॉवेलला पुसायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. मागून रेजिडेंट, त्यांच्यामागून आम्ही. सगळ्यांना तेच पाणी, तोच टॉवेल. राउंड संपेपर्यंत टॉवेल गच्च ओला झालेला असे आणि पाण्याकडे बघवत नसे. पण हात 'धुतले' गेलेले असत. पुढे बेसिनं जाऊन नळ आले, साबणदाणीत विरघळत पडलेली साबणाची वडी आली. तीही सगळ्यांची मिळून एकच.

साबणपाण्याने हात नीट धुवायचे तर चाळीस सेकंद ते एक मिनिट लागतं. त्यात खाटेपासून नळापर्यंत चालत जाणं, हात कोरडे करणं, परत येणं धरलेलं नाही. आयसीयूतल्या नर्सला हात स्वच्छ करण्याची वेळ तासाला वीसेक वेळा येते. हिशेब मांडला की कळतं, सांगितलेलं सगळं तिने पाळलं तर पेशंटकडे बघायला तिला वेळच उरणार नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते नावाच्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात हाच हिशेब मांडला आणि नळाऐवजी खाटेशी अल्कोहोलची बाटली ठेवली. वीस-तीस सेकंद हात चोळायचे, तेही पेशंटशी बोलता बोलता. १९९४ साली तिथे हात स्वच्छ ठेवण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं, ते १९९७ साली ६६ टक्क्यांवर गेलं. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागतील.

आमच्याकडे हँडरब आलं तेव्हा त्याला कुणी हँडरब म्हणत नव्हतं. एका जर्मन कंपनीच्या निळ्या द्रवाचं नाव सगळ्या बाटल्यांना चिकटलं होतं. आजही कुठल्याही कंपनीची बाटली असो, "जरा स्टेरिलियम दे गं" असंच ऐकू येतं. सुरुवातीला ते फक्त थिएटर आणि आयसीयूत असे, कारण महाग. नंतर जागतिक आरोग्य संघटनेची २००९ सालची मार्गदर्शक तत्त्वं आली, दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या पाहण्या आल्या, आणि प्रत्येक वॉर्डात बाटली हवी असं ठरलं. इथून खरेदी विभागाचा संबंध आला आणि मला या विषयातलं खरं शिक्षण मिळू लागलं.

खरेदीची रीत साधी. तीन कोटेशनं मागवायची, अल्कोहोल सत्तर टक्के लिहिलंय का बघायचं, सगळ्यांत स्वस्त ते घ्यायचं. एके वर्षी असं एक जेल आलं. घट्ट, चकाकतं, गुलाबाच्या वासाचं. पहिल्या दिवशी सगळ्या खूश. दोन-चार वेळा लावल्यावर हात चिकट व्हायला लागले, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला तळव्यावरून उटणं लावून मळ काढावा तशा बारीक वळ्या सुटायला लागल्या. जेल घट्ट होण्यासाठी जो पदार्थ घालतात त्याचा तो थर. त्या हातांवर ग्लोव्ह चढत नसे. चिकटपट्टी बोटालाच चिकटून फाटे. मुली काय करायच्या, सॅनिटायझर लावायच्या आणि मग ते काढण्यासाठी नळावर जाऊन हात धुवायच्या. थोड्याच दिवसांत त्यांनी पहिली पायरी सोडून दिली.

मी स्टोअरला लिहून कळवलं. उत्तर आलं की प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला आहे, अल्कोहोलचं प्रमाण बरोबर आहे. ते खरंही होतं. बाटलीत काहीच खोट नव्हती.

व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसची गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. १८४७ साली त्याने शवविच्छेदन करून बाळंतपणाच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याचं कुणी ऐकलं नाही, हाल झाले, हे सगळे सांगतात. एक बारकी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आधी वापरलेलं क्लोरीनचं पाणी महाग पडतं म्हणून तो पुढे स्वस्त पडणाऱ्या चुन्याच्या क्लोराइडकडे, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरकडे वळला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. स्टोअरशी पत्रव्यवहार करताना मला त्याची फार आठवण यायची. त्या ब्लीचिंगच्या पाण्याने तिथल्या विद्यार्थ्यांच्या हातांचं काय झालं असेल, हा विचार नर्सच्याच मनात येऊ शकतो.

आता तक्त्याबद्दल. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे फॉर्म घेऊन वॉर्डात उभं राहायचं आणि पाच प्रसंगी हात स्वच्छ होतात का ते टिपायचं. पेशंटला हात लावण्याआधी. सलाईनच्या लाइनला किंवा ड्रेसिंगला हात घालण्याआधी. रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटला न शिवता नुसतं त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. महिन्याच्या शेवटी टक्केवारी काढायची, मीटिंगमध्ये दाखवायची. आमची टक्केवारी सतत नव्वदच्या वर असे. टाळ्या पडत. जिनिव्हाला तीन वर्षं झटून ६६ टक्के जमले होते आणि आम्ही काही विशेष न करता नव्वदच्या वर होतो. यात कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला हुशारी लागत नाही. माणूस बघतोय म्हटल्यावर हात चोळले जातात, आणि मी तर फॉर्मच घेऊन उभी.

एकदा आयसीयूत एका खाटेपाशी लावलेली बाटली बदलताना तिच्यावर पेनने लिहिलेली तारीख दिसली. बाटली उघडली की तारीख घालायची, हा आमचा नियम. ५०० मिलीची बाटली, आणि ती उघडून महिना होत आला होता. म्हणजे दिवसाला सोळा-सतरा मिली. एका वेळी दोन पंप, साधारण तीन मिली लागतं. म्हणजे त्या खाटेपाशी दिवसभरात पाच-सहा वेळा हात चोळले गेले होते. त्या खाटेवर व्हेंटिलेटरवरचा पेशंट होता. तीन शिफ्टच्या सिस्टर, रेजिडेंट, फिजिओथेरपिस्ट, एक्स-रेवाला, रक्त न्यायला येणारा मुलगा, अंथरूण बदलणाऱ्या मावशी, भेटायला येणारे नातेवाईक, या सगळ्यांचे मिळून पाच-सहा.

तेव्हापासून मी तक्त्याबरोबर खपाचं रजिस्टर ठेवायला लागले. कुठल्या वॉर्डाला किती लिटर गेलं, त्या काळात किती पेशंट किती दिवस होते. दर हजार पेशंट-दिवसांमागे निदान वीस लिटर ही जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली पातळी आहे. म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला वीस मिली, सहा-सात वेळा हात चोळणं. हे सगळ्या दवाखान्याच्या सरासरीला. आयसीयूला तर याच्या किती तरी पट हवं. आमचे काही वॉर्ड या पातळीच्या निम्म्यालाही नव्हते. मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. एका वरिष्ठ सरांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमच्या बाजूच्या आहात ना?"

खप कमी का, हे विचारायला मी रात्रपाळीला जाऊन बसायला लागले. दिवसा कुणी खरं सांगत नाही. रात्री दोन वाजता चहा पिताना सांगतात. एकीने सांगितलं की त्या गुलाबाच्या वासाने तिला उमळून येतं; तिला चौथा महिना होता. दुसरी म्हणाली, बाटली खाटेच्या डोक्याशी मॉनिटरच्या मागे आहे, तिथे हात पोचायला व्हेंटिलेटरच्या नळ्या ओलांडाव्या लागतात. तिसरीने नुसते हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर आडव्या चिरा, मुठी वळल्या की त्यातून रक्त दिसेल अशा. "यावर ते लावून बघा मॅडम." हात आगीत घातल्यासारखं होतं, हे मला सांगायची गरज नव्हती.

या चिरांचं गुपित मला उशिरा उलगडलं, ते त्वचेच्या एका डॉक्टरांकडून. लावल्यावर झोंबतं म्हणून सगळा दोष अल्कोहोलला जातो, पण कातडी आधी फोडलेली असते ती साबणाने आणि गरम पाण्याने, वारंवार धुऊन ओल्या हातांवर ग्लोव्ह चढवल्याने. हँडरबमध्ये ग्लिसरीन असतं, ते उलट थोडं सांभाळून घेतं. आमच्या मुली साबणाने हात धुवायच्या आणि लगेच वर सॅनिटायझर लावायच्या, दुप्पट स्वच्छ म्हणून. ते बंद केलं. हात दिसायला मळलेले असतील तर साबण, नाहीतर नुसतं हँडरब, दोन्ही एकापाठोपाठ नाही. शिवाय ओल्या हातावर लावलं तर अल्कोहोल पातळ होऊन त्याचा जोर जातो, ते वेगळंच. कोकणातल्या एका सिस्टरने घरून कोकमाच्या तेलाचे गोळे आणून सगळ्यांना वाटले. रात्री झोपताना लावायचे, ड्युटीवर मात्र नाही. तेलकट हातांनी लेटेक्सचे ग्लोव्ह लवकर फाटतात. पुढे काही महिन्यांनी त्या मुलींचे हात पाहिले तेव्हा बरेच सुधारले होते.

पुढच्या खरेदीच्या वेळी मी हट्ट धरला. सत्तर टक्क्यांच्या वरचं, परवाना असलेलं, अहवाल नीट असलेलं जे जे आहे त्यांतले तीन-चार नमुने लेबल काढून वेगवेगळ्या वॉर्डांत ठेवायचे, काही आठवडे वापरायचे आणि मग मत घ्यायचं. मत फक्त नर्सचं नाही. मावशींचं, वॉर्डबॉय मामांचं, रेजिडेंटचंही. खरेदी विभागाला हे आवडलं नाही. मावशींना काय कळतं, असंही एकजण म्हणाले. एका मावशींनीच सगळ्यांत नेमकं सांगितलं होतं: "ह्ये वाळतंय बिगीबिगी, ह्येला वास न्हाई, आन् पंप दाबला की उडत न्हाई." निवडलं गेलं ते पाण्यासारखं पातळ, बिनवासाचं, दिसायला अगदी सामान्य. लिटरला थोडं महाग. बाटल्या खाटेच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला आल्या. खप वाढला. भाषण, पोस्टर, पाच मेचा हातस्वच्छता दिन, रांगोळी स्पर्धा, हे सगळं आम्ही दरवर्षी करायचो आणि अजूनही करतो. पण खपाच्या रजिस्टरमध्ये चढ दिसला तो या बदलानंतर.

बाटलीवरच्या टक्क्याबद्दल मला फोनवर सतत विचारलं जातं, म्हणून थोडं सांगते. ६० ते ९५ टक्के या दरम्यान अल्कोहोल काम करतं. शंभर टक्के जास्त चांगलं असणार, असं एका हिशेबनिसांनी मला पटवून द्यायचा प्रयत्न केला होता. जंतूंची प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची सोबत लागते. निव्वळ अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. दुसरं, टक्के कशाचे ते बघायचं. आकारमानाने सत्तर टक्के इथेनॉल म्हणजे वजनाने साधारण बासष्टच टक्के. लेबलवर बारीक अक्षरात 'व्ही/व्ही' की 'डब्ल्यू/डब्ल्यू' ते लिहिलेलं असतं. तिसरं, घट्ट म्हणजे जोरदार असं काही नसतं. आणि घरी, जिथे नळ आहे, साबण आहे, तिथे सॅनिटायझर विकत घ्यायची गरजच नाही. फोन करणाऱ्यांना हे उत्तर आवडत नाही, त्यांना कंपनीचं नाव हवं असतं.

अल्कोहोल जिथे चालत नाही त्या जागाही आहेत. अँटिबायोटिक खूप दिवस चालू असलेल्या पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब लागले तर त्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोलने काही होत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणी, दुसरा उपाय नाही. हात चोळून ते धुऊनच काढावे लागतात. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवरही त्याचा भरवसा धरता येत नाही. पेशंटचं भांडं काढून आलेल्या मामांनी वर सॅनिटायझर लावलं तर घाणीवर अल्कोहोल बसतं, एवढंच.

एकदा एक माळकरी आजी नातवाला भेटायला आल्या. दारातले मामा त्यांच्या हातावर पंप दाबायला गेले तर त्यांनी हात काढून घेतला. "यात दारू असते ना? माझ्या गळ्यात माळ आहे." मामा त्यांना समजावायला लागले, हे पिण्यासाठी नाही वगैरे. मी म्हटलं, आजी, तो नळ, तो साबण. त्यांनी पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याच्या भोवती, मनगटापर्यंत असे हात धुतले की मी शिकाऊ मुलींना बोलावून दाखवलं. इस्लाम मानणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मार्गदर्शक पुस्तकात त्यावर विचार केलेला आहे. वाद घालण्यापेक्षा साबण पुढे करावा, असं माझं मत.

अंगठा हे सगळ्यांचं दुखणं आहे. प्रशिक्षणात आम्ही अंधारात चमकणारा द्रव हाताला चोळायला देतो आणि मग जांभळ्या दिव्याखाली हात धरायला लावतो. जिथे द्रव पोचला ते चमकतं, राहिलं ते काळं. सर्जनपासून स्वयंपाकघरातल्या काकांपर्यंत सगळ्यांचे अंगठे, बोटांची टोकं आणि उजव्या हाताची मागची बाजू काळी निघते. अंगठीखाली काळं कडं. नवग्रहांच्या अंगठ्यांवरून माझे डॉक्टरांशी जितके खटके उडाले तितके कशावरूनच उडाले नसतील. राखीपौर्णिमेनंतरचा आठवडा तर परीक्षेचा. गोंडे लोंबणाऱ्या, रक्त आणि बेटाडिन लागून कडक झालेल्या राख्या आयसीयूत फिरत असतात, आणि बहिणीने बांधलेली राखी काप असं सांगणारी मी वाईट. शेवटी तोडगा निघाला, ड्युटीवर येताना राखी लॉकरमध्ये, घरी जाताना परत हातात. नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यावर मात्र तोडगा निघालेला नाही. काही जणी दंडापर्यंत सरकवून वर पट्टी बांधतात. सासूबाईंशी बोलायला मीच जावं, असं एकीने सुचवलं होतं.

नवजात बाळांच्या विभागात एकदा थोड्या दिवसांत एकापाठोपाठ काही बाळांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला निघाला. दाराशी हात धुण्याची शिस्त तिथे कडक होती. आईलासुद्धा कोपरापर्यंत धुतल्याशिवाय काचेच्या पेटीजवळ सोडत नसत. मी दिवसभर नुसती बसून राहिले. दारातून आत आलेले हात खरोखर स्वच्छ असत. मग तो हात पेन उचले, फाइल उघडे, मॉनिटरचं बटण दाबे, खिशातल्या मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट बघे, आणि पेटीच्या खिडकीतून आत जाई. पाचातला शेवटचा प्रसंग, वस्तूंना हात लावल्यानंतरचा, फार चुकतो, कारण आपण काही घाण केलं असं तेव्हा वाटतच नाही. मोबाइल दाराबाहेर गेले, प्रत्येक पेटीला बाटली लागली. साथ थांबली. एकट्या हातांमुळे थांबली असं मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात ऑक्सिजनच्या बाटल्यांतलं पाणी, सक्शनच्या नळ्या, साबणाचे पंप, सगळंच बदललं होतं. साबणाच्या पंपात उरलेल्यावरच नवीन साबण ओतायची सवय तेव्हा बंद झाली ती कायमची. सॅनिटायझरच्या बाटलीलाही तोच नियम: संपली की बदलायची, वरून भरायची नाही.

मग २०२० साल आलं, आणि आमच्या कोपऱ्यातल्या बाटलीला सोन्याची किंमत आली. वॉर्डातल्या बाटल्या चोरीला जायला लागल्या. खाटेला साखळीने बांधलेल्या बाटलीतलंही कुणी घरून आणलेल्या डबीत काढून नेई. २१ मार्चला सरकारने २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली, पण दुकानात बाटलीच नसेल तर मर्यादा कसली. आमच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या होत्या म्हणून आम्ही तरलो. मळीपासून केलेलं स्पिरिट उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीने कॅनमधून आलं आणि आमच्या फार्मासिस्टनी दहा लिटरचं माप धरून जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला बनवायला घेतला. ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरीन १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नसतं. कॅनमध्ये, बाटलीत बीजाणू असतील ते मारायला असतं आणि त्याला ७२ तास द्यावे लागतात. वॉर्डातून तर तासातासाला फोन. मी कॅनवर मोठ्या अक्षरांत तारीख आणि वेळ घालून खोलीला कुलूप लावलं. किल्ली पदराला बांधून फिरत होते, असं मागून सगळे सांगतात. मी साडी नेसतच नाही ड्युटीवर, पण गोष्ट छान आहे.

त्या द्रवाला देशी दारूचा वास यायचा. एक मामा घरी गेले की बायको दारातच वास घ्यायची. तिला फोन करून सांगायचं कामही माझ्याकडे आलं. विकतच्या काही बाटल्यांत पिणाऱ्याने पिऊ नये म्हणून कडू द्रव्य घालतात. त्या वापरून डबा खायला बसलो की भाकरी कडू लागायची. कडू असूनही लोक पितात. व्यसनमुक्तीच्या आणि मनोविकारांच्या वॉर्डात आम्ही भिंतीवर बाटली लावतच नाही. स्टाफच्या खिशात छोट्या बाटल्या देतो. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातल्या कुरिचेडूला आणि एप्रिल २०२१ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं गेली. वणीत सात. इथेनॉलच्या जागी मिथेनॉल घातलेलं सॅनिटायझर असेल तर प्यायल्यावर डोळे जातात आणि मग जीव. वासावरून, रंगावरून, घरच्या कुठल्याही युक्तीने ते ओळखता येत नाही. कणीक मळून बघा, टिश्यू पेपर पेटवून बघा, असे व्हिडिओ मला रोज येत. परवाना क्रमांक, बॅच आणि पक्कं बिल यांच्यावरच भरवसा ठेवायचा.

आगीचं तर लोकांना भानच नव्हतं. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता दिवे लावायचे होते, तेव्हा सॅनिटायझर लावलेल्या हातांनी दिवा पेटवू नका, साबणाने हात धुवा, असं सरकारी पातळीवरून सांगावं लागलं. या द्रवाची वाफ वीस अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडचा मे महिना चाळिशीच्या वर. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, उजेडात दिसतसुद्धा नाही. हात पूर्ण वाळू द्यायचा, मग निरांजन, गॅस, किंवा थिएटरमध्ये कॉटरी. आणि पायाने दाबायचे ते स्टँड! मोठ्यांच्या कमरेच्या उंचीला तोटी, म्हणजे नेमकी चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे डोळा चोळत, किंचाळत आलेली मुलं मी पाहिली. लगेच नळाखाली डोळा धरायचा, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर. घाबरलेली आई आधी दवाखान्याकडे पळते.

कोविडमध्ये आमचा खप इतका वाढला की रजिस्टरच्या रकान्यात आकडा मावेना. पण ग्लोव्हवर सॅनिटायझर चोळत एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायचं, ही सवयही तेव्हाच लागली आणि ती मोडायला मला अजून जड जातंय. ग्लोव्ह एका पेशंटचा, काढून टाकायचा, हात चोळायचे, नवा घालायचा. माणूस स्वतःच्या भीतीने हात स्वच्छ करतो तेव्हा पेशंटला हात लावल्यानंतरचं प्रमाण वाढतं. लावण्याआधीचं तेवढं वाढत नाही. आमच्या फॉर्मांत हे स्वच्छ दिसतं, आणि भीती ओसरली तसा दोन्हींचा आकडा उतरला.

आता मीटिंगमध्ये मी टक्केवारी मागे आणि लिटर पुढे ठेवते. प्रत्येक वॉर्डाला आपला आकडा दिसतो, शेजारच्या वॉर्डाचाही. मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांच्या सिस्टर इनचार्जमध्ये त्यावरून चुरस आहे आणि मी ती मोडायला जात नाही. बेसिनमध्ये ओतून आकडा वाढवता येतो, हे मला कळतं. अजून तरी कुणी तसं केल्याचं दिसलं नाही. गेल्या तिमाहीत आयसीयूचा आकडा पहिल्यांदा मला पटेल इतका चढला. त्यावर लेखा विभागाचं पत्र आलं आहे: हँडरबवरचा खर्च मागच्या वर्षीपेक्षा बराच वाढलेला असून त्याचं कारण सात दिवसांत लेखी कळवावं. मी कारण एका ओळीत लिहिलं, सोबत खपाच्या रजिस्टरची झेरॉक्स जोडली, आणि त्याच लिफाफ्यात पुढच्या महिन्याच्या मागणीचा इंडेंट घातला. थोडा वाढवून.